सहा रकान्यांतली हरणा

९ सप्टेंबर १९४७, मंगळवार

हरी सांगलीहून आला. बायकोला पातळ नाही, मला बत्तासे नाहीत. कागदांचं एक भलंमोठं गाठोडं! खांद्यावरून ओसरीवर टाकलं तेव्हा वाटलं, कुणाचं धुणंच उचलून आणलं की काय.

दरबाराने त्याला समितीचा चिटणीस नेमलाय. समिती कसली, तर गरिबाला सरकारने फुकट वकील कसा द्यावा याची. आमच्यासकट पाच संस्थानं आता एक संघ करणार म्हणतात. राजे बसतील एका पंगतीला, पण कायद्यांचं काय? गरीब कोणाला म्हणायचं, त्याला वकील द्यायचा की नुसताच आशीर्वाद, हे दर संस्थानात निराळं. तीन कोसांवर नियम बदलतो! ते सगळं एका मापाचं करायचं. पुढच्या महिन्यात सांगलीला मोठी बैठक.

आणि काम कुणाला, तर माझ्या नातवाला! वकील झाला खरा, पण कोर्टात उभा राहिला की घशात पोहे अडकल्यासारखा. पहिल्याच दाव्यात 'महाराज' म्हणेपर्यंत पंखा ओढणारा झोपला. शेवटी दरबाराने त्याला लिहिण्याच्या कामावर घेतलं आणि खाजगी वकिली बंद झाली. अशिलांचे ग्रह बरे होते.

हे पद्मा लिहिते आहे, म्हणजे त्याची बायकोच. ओठ आवळून बसलीय. मी सांगेन ते सगळं उतरवायचं अशी अट आहे. मला अक्षर येत नाही, पण कुणी गाळलं तर कळतं. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायला लावते ना!

११ सप्टेंबर

ओसरीवर सतरंजीएवढा कागद पसरलाय. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर माझ्या पूजेच्या वाट्या! देव आज ताम्हनात गर्दी करून बसलेत.

त्याला तक्ता म्हणतात. सहा रकाने. पाच संस्थानांचे पाच, आणि सहावा खालसा मुलखाचा, म्हणजे महिन्यापूर्वीपर्यंत जिथे इंग्रज होता त्याचा. डावीकडे प्रश्न, पुढे सहा जणांची सहा उत्तरं. मी म्हटलं, वाच. हरी वाचत गेला आणि मी हसत गेले.

एका संस्थानात अर्ज घरातल्या कर्त्या पुरुषानेच करायचा. दुसरीकडे नियमच नाही. दसऱ्याच्या दरबारात महाराजांच्या हातात अर्ज पडला आणि महाराज खुशीत असले, तर वकील! खालसात स्टँप माफ, पण वकील नाही. म्हणजे दार उघडलं, आत बोलायचं कुणी? आणि आमच्याकडे वकील देतात, पण मंगळसूत्र सोडून अंगावरचा सगळा ऐवज मोजतात. मी म्हटलं, अंगावरचं काय मोजता, पोटातलं मोजा.

हरीने तेही टिपलं, मेल्याने.

१२ सप्टेंबर

हरी जेवायला बसला. मग ताक पिताना एकदम म्हणाला, "आजी, कुणी वाईट म्हणून नियम वाईट नाही झाले. कुणी शेजारच्याचा वाचलाच नव्हता."

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बाजारचा दिवस. हरणाबाई आली. दर मंगळवारी शेण्या घेऊन बाजाराला येते, दुपारी माझ्याकडे जोंधळे निवडते, भाकरी खाते आणि गावची बातमी देते. नवरा मुंबईला गिरणीत गेला, त्याचा आठ वर्षं कागद नाही. कुंकू मात्र असं ठसठशीत लावते की तो संध्याकाळच्या मोटारीने येणार आहे!

तिचं दुःख निराळं आहे. बापाने लग्नात तिला दीड एकर रान दिलं, चोळीबांगडीला. लेकीची वर्षाची चोळी-बांगडी माहेरच्या रानातून निघावी, कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून. कागदही केला. बाप गेला, आणि चुलतभावाने, नाथाजीने, त्यात औत घातलं. "आमच्या घरातलं रान दुसऱ्याच्या घरात कसं जाईल?" येत्या पौषात त्याला बारा वर्षं होतात. बारा भरली की कोर्ट ऐकत नाही, हे हरीनेच सांगितलं. म्हणजे पौषाच्या आत दावा लागला तर रान, नाहीतर गेलं ते गेलं.

"कसा आहे गं हा नाथाजी?" म्हटलं.

"आवं मावशी, चालनं असं, मिशा अशा, जनू सातारची गादी त्येच्याच बापाची!"

मला तर डोळ्यांपुढे भिकबाळीच दिसायला लागली.

मी म्हटलं, वकील मी लावते तुला. तर सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमी दिला तर मी तुमची मिंधी. सरकारनं दिला तर कुनाची न्हाई." परत पाखडायला लागली.

हरी आत होता. त्याने ऐकलं. बाहेर आला. नादारीचा अर्ज कर, एवढंच सांगितलं तिला. नादार म्हणजे ज्याच्याकडे दावा लढायला काही नाही तो. शब्द जरा दरिद्री आहे, पण अर्ज कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याने छान लिहून दिला.

२५ सप्टेंबर

उद्या हरणाची चौकशी आहे, कचेरीत. आज मुक्कामाला आली. तिच्याकडे बघून माझाच जीव कसनुसा झाला. विटलेलं लुगडं आणि काळ्या मण्यांची एक सर. चार माणसांत, मुनसफापुढे, अशी जाणार? बाई माणूस आहे की बुजगावणं?

गौरी जाऊन दोन दिवस झालेत. गौरीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ अजून पेटीत गेली नव्हती. ती काढली आणि घातली तिच्या गळ्यात. पद्माने आपलं हिरवं इरकल दिलं. अगदी इनामदारीण दिसली! आरशात बघून लाजली, मग मान ताठ केली.

हरी बैठकीच्या कामाला फलटणला गेलाय. असता तर त्यालाही दाखवली असती.

२६ सप्टेंबर

अर्ज फेटाळला. माझ्यामुळे.

२७ सप्टेंबर

काल सांगवलं नाही. आज सांगते.

हरणा पुढे उभी राहिली तोच सरकारी वकील उठला. "नादार म्हणवता आणि गळ्यात सोन्याच्या पुतळ्या?" मुनसफाने विचारलं, "बाई, ही माळ कुणाची?" आणि ही म्हणाली, "माझीच!"

झालं. अंगावरचा ऐवज मोजला, नादारी संपली. ज्या नियमाला ओसरीवर हसले तोच, आणि माळ घालताना मला आठवला नाही!

मी कपाळ बडवलं. "अगं, उसनी म्हणून सांगायचंस की!"

तर माझ्याकडे असं बघितलं जसं मीच अडाणी. "गावची मानसं बसली हुती तितं. त्यांच्यापुढं उसनी म्हनू? आन् मावशी, तुमी काय उसनी म्हनून घातली व्हय? लेकीच्या गळ्यात घालावी तशी घातली."

पद्मा उठून पाणी प्यायला गेली. तिचं पाणी फार वेळ चाललं.

मी लुगडं सावरून निघालेच होते, मुनसफाला सांगते माळ माझी आहे म्हणून. हरी तेवढ्यात परतला होता, दारात आडवा झाला. "आजी, तिने शपथेवर सांगितलंय. तू आता वेगळं सांगितलंस तर ती खोटी ठरेल. रान जाईल आणि वर शिक्षा."

म्हणजे माझं तोंडही बंद. माझं तोंड बंद करणारा कायदा पहिल्यांदाच भेटला.

३० सप्टेंबर, मंगळवार

हरणा नेहमीसारखी आली. तक्रार नाही. माळ मऊ फडक्यात बांधून आणलेली, माझ्या हातात दिली. "मोजून घ्या," म्हणाली. मी मोजल्या नाहीत.

हरी मागे उभा होता. आत गेला, आणि तक्त्याच्या खाली एक नवी ओळ ओढली. मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाला, "हरणाबाई."

१९ ऑक्टोबर, रविवार

काल सांगलीला जाऊन आले! गणपतीला जायचं म्हणून हरीबरोबर मोटारीत बसले. गणपतीला गेलेही, उगाच खोटं कशाला, पण पाच मिनिटं. बाकी दिवसभर बैठकीच्या दालनात, मागच्या बाकावर. दारावरचा शिपाई म्हणाला, "आजी, हितं बायका न्हाईत." म्हटलं, म्हणूनच आले.

पाच संस्थानांची दहा माणसं. मधे अध्यक्ष गोपाळकृष्णपंत, जुने दिवाण, ऐकताना डोळे मिटून घेतात त्यामुळे झोपले की जागे कळत नाही. आणि त्या कर्त्या-पुरुषवाल्या संस्थानाचे नानासो. पगडी मोठी, आवाज पगडीहून मोठा. "दहा वर्षांत आमच्याकडं नादारीचा अर्ज एका बाईचा आला असेल तर शपथ! तंटाच नाही हो आमच्याकडं. सुखी प्रजा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हरी उठला. कान लाल. मी पदराची गाठ घट्ट धरली. बोल रे बाबा, म्हटलं मनात.

"नानासो... आपल्याकडे... अर्ज कर्त्या पुरुषाने करायचा असतो." थांबला. "जिची तक्रारच... त्या पुरुषावर आहे... तिने अर्ज कुणाकडून करावा?"

नानासोंनी सुपारी गिळली.

मग हरीने तो तक्ता उलगडला आणि शेवटची ओळ दाखवली. त्याला भाषण करावं लागलंच नाही. "एक बाई घेतली आहे. तीच बाई, तेच दीड एकर, तोच बापाचा कागद. फक्त तिचं गाव बदलत नेलंय." आणि बोट फिरवत गेला. या गावात राहिली असती तर वकील मिळता. ओढ्याच्या पलीकडे राहिली असती तर नवरा बेपत्ता, अर्जच नाही. पुढच्या गावात दसऱ्यापर्यंत थांबली असती. त्याच्या पुढे वकील मिळता, पण नवऱ्याचं मूळ गाव दुसऱ्या संस्थानातलं, तेव्हा ती तिथली प्रजा नाही म्हणून परत पाठवली असती. खालसात स्टँपशिवाय आत गेली असती आणि मुकी उभी राहिली असती. "आणि आमच्याकडे," हरी म्हणाला, "गळ्यातल्या माळेपायी अर्ज फेटाळला."

स्वतःच्या संस्थानाची चूक त्याने सगळ्यात शेवटी ठेवली आणि सगळ्यात मोठ्याने वाचली. तिथे एकदाही अडखळला नाही. माझा हरी!

गोपाळकृष्णपंतांनी डोळे उघडले. "ही बाई खरी की कल्पनेतली?"

"खरी. दर मंगळवारी आमच्याकडे जोंधळे निवडते."

दोघे-तिघे हसले. मग कुणीच हसेना.

"आणि माळ तिचीच होती?"

हरी तक्त्याकडे बघायला लागला. सांगू शकत नव्हता. मला कळलं ते. पण मी कोर्टात नव्हते ना! उभी राहिले. म्हटलं, "महाराज, ती कुणाची ते विचारू नका. गावातली कुठलीही बाई कचेरीत जाताना शेजारणीचं लेणं घालून जाते आणि चारचौघांत ते उसनं म्हणत नाही. लाज असते तिला. इथे साहेबलोक बसलेत, प्रत्येकाची पगडी स्वतःच्याच घरची आहे का, असं दारात शिपायाने विचारलं असतं तर?"

नानासोंचा हात डोक्यावर गेला! देवाशप्पथ गेला! गोपाळकृष्णपंत असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत नियम ठरले. बाईने स्वतः अर्ज करावा. माणूस कुठल्याही संस्थानचा असो, दावा जिथे तिथे वकील. ज्या रानावरून वाद ते रान मोजायचं नाही. आणि अंगावर काय दिसतं ते बघायचं नाही, घरी जाऊन बघायचं आणि शेजारच्या दोन बायकांना विचारायचं. जुन्या नियमाने ज्यांचे अर्ज गेले त्यांना एकदा फिरून संधी. हे शेवटचं हरीने घुसवलं. आता प्रत्येकाने आपापल्या दरबारातून आपापला नियम बदलून घ्यायचा.

येताना मोटारीत म्हटलं, बरा बोललास. तर म्हणतो, "मी कुठे बोललो? वाचलं." गाढव! इतकं शहाणं गाढव मी पाहिलं नाही.

पद्मा, हे शेवटचं खोडू नकोस.

२४ ऑक्टोबर

दसरा. त्या दरबारात आज कुणाचा अर्ज महाराजांच्या हातात पडला असेल कोण जाणे. पडला असेल तर बरं. पुढल्या वर्षी महाराज खुशीत असण्याची गरज नाही.

११ नोव्हेंबर

अजून आमच्या दरबाराचा हुकूम नाही. दिवाळी आली. हरी रोज कचेरीत जाऊन विचारतो. जो माणूस स्वतःसाठी भाजीत मीठ मागत नाही तो रोज जाऊन विचारतो.

हरणाने आज विचारलं, "पौष कवा लागतो वं मावशी?" तिला काय माहीत नाही? माझ्या तोंडून लांब ऐकायचा होता. म्हटलं, लय लांब आहे. हसली.

२६ नोव्हेंबर

हुकूम निघाला! आमचा पहिला. आणखी दोन संस्थानांचे आले. नानासोंच्या संस्थानाचाही आला, विश्वास बसत नाही! पाचवं अजून विचार करतंय. पाचांमधे एक तरी असं असायचंच.

९ डिसेंबर, मंगळवार

हरणाच्या गावी कारकून गेला होता चौकशीला. तिनेच सांगितलं, हसून हसून. घरात शिरला, दोन मिनिटांत बाहेर आला. बघायला होतं काय! मग शेजारच्या चंद्राबाईला विचारलं, हिच्याकडे दागिना किती? चंद्राबाई म्हणाली, "माझ्या बोरमाळेतलं अर्धं तिच्याच मालकीचं हाय म्हना, लगीनसराईत तीच घालती." कारकुनाने घाम पुसला आणि लिहिलं, काही नाही.

नादारी मंजूर. वकील नेमला पाळीप्रमाणे, खालच्या आळीतले. हरीने नाव सुचवायला नकार दिला. म्हणाला, पाळी म्हणजे पाळी.

१७ डिसेंबर

दावा दाखल. पौषाला चोवीस-पंचवीस दिवस बाकी. हरणा कचेरीतून आली ती काळ्या मण्यांच्या त्याच एका सरीत, विटलेल्या लुगड्यात. आणि मान मात्र त्या दिवशीपेक्षा ताठ. मी गूळ दिला. तिने आधी हरीच्या हातावर ठेवला. हरीला काय करावं कळेना, उभ्या उभ्या सगळा खाल्ला.

मी पुष्कळ माणसं पाहिली. मोठ्याने बोलणारी पाहिली, तलवार लटकवणारी पाहिली. पण घरात बसून रेघा ओढणारा, आणि त्या रेघांमधून एका बाईला चालत जायला वाट करणारा, हा एकच. हे मी त्याच्या तोंडावर म्हणणार नाही. चढेल. पद्मानेही सांगायचं नाही. ती हसते आहे, म्हणजे सांगणार.

२३ डिसेंबर, मंगळवार

गावात दवंडी दिली नियमांची. झालं, बाजारचे लोक ओसरीवर! कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा लोकांना तास तास बसवतो म्हणून पद्मा लिहून देते. मी विचारते, ती लिहिते. आज सात झाले. हरी म्हणतो, आजी, तुझी कचेरी माझ्या कचेरीपेक्षा मोठी झाली. मग, आहेच!

६ जानेवारी १९४८, मंगळवार

दुपारी ओसरीवर एक वाळका माणूस आला. पायात काही नाही, टाचांना बोट जाईल अशा भेगा. हातात समन्स. "आवं आजी, ज्येच्यावर दावा झालाय त्येला बी सरकार वकील देतं म्हनं. खरं हाय का?"

म्हटलं, खरं आहे. नाव?

"नाथाजी."

पद्माने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही.

घर? दुसऱ्याच्या परड्यात खोपट. रान? तेवढंच, वादातलं. आणखी काही? त्याने समन्साची घडी घातली, परत उघडली. "एक बैल हाय."

आतल्या पडवीत सूप थांबलं. मग हरणाचा आवाज आला.

"त्येचा बैल श्रावणातच मेला, मावशी. सांगाया लाजतोय त्यो. ते बी लिवा."